कोंडाळ्यातली भाषा

अमेरिकन फुटबॉलचा सामना ज्यांनी कधी पाहिला नसेल, त्यांनाही त्यातले एक दृश्य सिनेमांमुळे ओळखीचे असते. खेळ थांबलेला असतो आणि एका संघाचे अकरा खेळाडू खांद्याला खांदा लावून, डोकी एकमेकांजवळ आणून वर्तुळात वाकून उभे राहतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू पुढे खेळवणारा खेळाडू, पुढची खेळी सांगतो. वर्तुळ मोडते, सगळे आपापल्या जागी जातात आणि खेळ पुन्हा सुरू होतो. या वर्तुळाला ‘हडल’ म्हणतात. क्रिकेटच्या समालोचनातून हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, कारण ‘कोंडाळे’ आपल्याकडे आधीपासून आहे.

मैदानावरच्या या कोंडाळ्याचा उगम वॉशिंग्टन शहरातल्या एका लहानशा शिक्षणसंस्थेत सांगितला जातो. तिचे नाव गॅलोडेट. आज ते विद्यापीठ आहे, पण विद्यार्थीसंख्या अजूनही दोन हजारांच्या आत. तिथले बहुतेक विद्यार्थी कर्णबधिर आहेत. त्यांचे आपापसातले बोलणे, वर्गातले शिकणे, भांडणे, थट्टामस्करी हे सारे अमेरिकन खुणांच्या भाषेत चालते. या विद्यापीठाच्या खेळांचा इतिहास म्हणजे चषकांची यादी म्हणून फार लांबत नाही. पण एखाद्या भाषेला ‘भाषा’ म्हणून मान्यता कशी आणि कुठे मिळते, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे.

आधी संस्थेविषयी. वॉशिंग्टनमध्ये एमोस केंडॉल नावाच्या गृहस्थाने दिलेल्या जमिनीवर १८५७ साली कर्णबधिर आणि अंध मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. तिची सूत्रे एडवर्ड मायनर गॅलोडेट या वीस वर्षांच्या तरुणाकडे आली. त्याचे वडील थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट यांनी फ्रान्सहून आलेल्या लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाच्या साथीने १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा उघडली होती. आई सोफिया स्वतः कर्णबधिर होती. त्यामुळे ऐकू येणाऱ्या या तरुणाच्या बाबतीत खुणांची भाषा शब्दशः मातृभाषा होती. १८६४ मध्ये या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी सही केली. देशात यादवी युद्ध चालू असताना ही सही झाली, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९४ मध्ये या महाविद्यालयाला थोरल्या गॅलोडेट यांचे नाव देण्यात आले.

खेळ इथे लवकर आले. १८८१ मध्ये व्यायामशाळेची इमारत उभी राहिली. ती अजून शाबूत आहे आणि माजी विद्यार्थ्यांच्या ताब्यात आहे. फुटबॉल १८८३ पासूनचा. जवळपासच्या महाविद्यालयांशी सामने होऊ लागले आणि इतर कर्णबधिर शाळांच्या संघांशीही. या दुसऱ्या प्रकारच्या सामन्यांमध्ये एक अडचण उभी राहिली. हडलची गोष्ट त्या अडचणीपासून सुरू होते.

ऐकू येणाऱ्यांच्या संघाविरुद्ध खेळताना गॅलोडेटचा क्वार्टरबॅक मैदानाच्या मधोमध उभा राहून खुशाल हातांनी पुढची खेळी सांगू शकत होता. समोरच्यांना त्या हातवाऱ्यांतले काही कळत नसे. पण प्रतिस्पर्धीही कर्णबधिर असले की हीच सोय अंगाशी येई. बोलण्याचा आवाज हळू करता येतो, कुजबुजता येते. खूण मात्र जिथवर नजर जाते तिथवर पोचते. पलीकडच्या बाजूचा बचावपटू नुसते बघून सगळी योजना वाचू शकत होता. १८९४ साली पॉल हबर्ड नावाच्या क्वार्टरबॅकने यावर साधा उपाय काढला. त्याने आपल्या खेळाडूंना जवळ बोलावून गोल उभे केले आणि त्यांच्या पाठींच्या आडोशाला खुणा केल्या. पुढे तो कॅन्ससमधल्या ओलाथी गावी, कर्णबधिरांच्या शाळेत शिकवायला गेला आणि ही रीत त्याने तिथेही नेली.

या श्रेयाचे इतर दावेदारही आहेत. १९२० च्या दशकात हडल नियमितपणे वापरणारे इलिनॉय विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब झुप्के यांचे नाव त्यात नेहमी येते. अशा गोष्टी एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकतात आणि पहिला कोण हा वाद खेळांच्या इतिहासात संपत नाही. मला त्या वादापेक्षा कारणात जास्त रस आहे. इतरांना हडल हवा झाला तो प्रेक्षकांच्या गोंगाटात एकमेकांचे ऐकू यावे म्हणून. गॅलोडेटला तो हवा होता दिसू नये म्हणून. वर्तुळ तेच, पण आतला हेतू पार वेगळा.

इथे मराठीकडे एकदा वळून पाहावेसे वाटते. गुप्ततेचे आपले बहुतेक शब्द कानाशी बांधलेले आहेत. कानगोष्ट, कानाफुसी, कानोसा, कानोकान खबर न लागणे. भिंतींनाही आपण कानच दिले आहेत. मात्र याच भाषेत ‘नेत्रपल्लवी’ आणि ‘करपल्लवी’ हे जुने शब्दही आहेत: डोळ्यांनी केलेले बोलणे, बोटांनी केलेले बोलणे. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवणारा दलाल हबर्डची अडचण चटकन ओळखेल. बोटांनी बोलायचे तर बघणाऱ्यापासून झाकावे लागते, कारण बघणाऱ्याला ते समजते.

‘बघणाऱ्याला ते समजते’ यातच सगळे आले. १८९४ साली शिक्षणाच्या जगात अधिकारवाणीने बोलणाऱ्या बहुतेकांना हे मान्य नव्हते. त्याच्या चौदा वर्षे आधी, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. प्रचंड बहुमताने तिने ठराव केला की कर्णबधिर मुलांना तोंडी बोलायला आणि ओठ वाचायलाच शिकवावे, खुणांना शाळेत थारा देऊ नये. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. एडवर्ड गॅलोडेट विरोधात मत देणाऱ्या मोजक्यांपैकी एक. त्यांच्यासोबत आलेले जेम्स डेनिसन स्वतः कर्णबधिर होते आणि गॅलोडेटच्याच आवारातल्या केंडॉल शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा विरोध वाहून गेला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल अमेरिकेत याच तोंडी पद्धतीचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते होते. कर्णबधिरांनी आपापसात लग्ने केली तर मानवजातीत एक कर्णबधिर उपजात तयार होईल अशी भीती त्यांनी १८८३ मध्ये विद्वानांच्या सभेपुढे मांडली होती. पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या बहुसंख्य कर्णबधिर शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. हात हलवला म्हणून मुलांना शिक्षा होऊ लागल्या. भाषा वर्गाबाहेर, वसतिगृहात, जिन्याखाली बोलली जाऊ लागली.

म्हणजे एकाच काळात खुणांची भाषा दोन तऱ्हांनी लपवली जात होती. शाळेतले मूल हात पाठीमागे घेई, कारण त्याच्या हातात जे होते ते माकडचेष्टा आहे असे त्याला शिकवले जात होते. गॅलोडेटचा क्वार्टरबॅक हात कोंडाळ्यात घेई, कारण त्याच्या हातात जे होते ते समोरच्याला शब्दन् शब्द कळेल अशी त्याला खात्री होती. पहिल्या लपवण्यात लाज होती, दुसऱ्यात भाषेवरचा पुरता विश्वास. ज्याला अर्थ नाही ते लपवण्याची तसदी कोण घेईल?

विद्वत्तेला या निष्कर्षाशी यायला आणखी सहासष्ट वर्षे लागली, आणि गंमत अशी की ती वाटही याच आवारातून गेली. १९५५ मध्ये विल्यम स्टोकी नावाचे प्राध्यापक गॅलोडेटच्या इंग्रजी विभागात आले. त्यांचा अभ्यास जुन्या आणि मध्ययुगीन इंग्रजीचा. ते विद्यार्थ्यांचे हात पाहू लागले. त्यांना दिसले की प्रत्येक खूण हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल अशा घटकांत मोडता येते, जसा बोललेला शब्द ध्वनींत मोडता येतो. १९६० मध्ये त्यांनी हे मांडले तेव्हा सहकाऱ्यांपैकी अनेकांना तो वेळेचा अपव्यय वाटला. १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसोबत त्यांनी कोश काढला. त्यात खुणा इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या नाहीत, खुणांच्याच घटकांनुसार लावलेल्या आहेत. भाषांतर करणाऱ्या माणसाला ही मांडणी फार मोठी वाटते, कारण एखादी भाषा दुसरीच्या कोशात पाहुणी म्हणून बसणे आणि तिचा स्वतःचा कोश असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही म्हणावेसे वाटते की स्टोकींनी जे सिद्ध केले, ते मैदानावर गृहीत धरले गेले होते.

खेळ आणि भाषा यांची ही जवळीक गॅलोडेटमध्ये पुन्हा पुन्हा दिसते. तिथल्या फुटबॉलच्या मैदानाला जॉन बर्टन हॉचकिस यांचे नाव आहे. ते इथलेच विद्यार्थी आणि पुढे इथलेच प्राध्यापक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, खुणांवर बंदीचे सावट असताना, अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने चित्रपटाच्या नव्या यंत्राने उत्तम खुणा करणाऱ्यांची भाषणे टिपून ठेवली. ज्यांचे हात त्यात आजही बोलताना दिसतात त्यांत हॉचकिस आहेत. या उपक्रमामागचे जॉर्ज वेडिट्झ हेही गॅलोडेटचेच, १८८४ चे पदवीधर. लिपी नसलेल्या भाषेचे ते पहिले ग्रंथालय.

बास्केटबॉलची एक गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९४३ मध्ये मेसन-डिक्सन या विभागीय स्पर्धेत गॅलोडेटकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती. युद्धकाळ होता आणि संघात माणसे कमी. त्या वेळचे मुख्य पाच खेळाडू ‘लोखंडी पाच’ म्हणून लक्षात राहिले, कारण त्यांनी जवळजवळ बदली न घेता एकापाठोपाठ सामने खेळून स्पर्धा जिंकली. त्या पाचांतला एक रॉय होलकम. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात शिक्षक म्हणून काम करताना त्याने ‘संपूर्ण संवाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीचा पाठपुरावा केला. मुलाला जे साधन उपयोगी पडेल ते वापरा, खुणा, बोलणे, लेखन, काहीही. एवढेच तिचे म्हणणे. मिलानच्या ठरावाने बंद केलेली शाळांची दारे खुणांसाठी पुन्हा किलकिली झाली, त्यात या खेळाडूचा हात होता.

मात्र कोंडाळ्याला आत असते तसे बाहेरही असते. हे वर्तुळ सर्वांसाठी उघडे नव्हते. मुलींना महाविद्यालयात प्रवेश मिळाला १८८७ मध्ये, तोही प्रयोग म्हणून. अगाथा टीगेल ही चार वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम करून १८९३ मध्ये पदवी घेणारी पहिली स्त्री. पदवीदानाच्या वेळी तिने स्त्रीच्या बुद्धीवर भाषण केले. कृष्णवर्णीय कर्णबधिरांना तर दार फारच उशिरा उघडले. आवारातल्या केंडॉल शाळेत त्यांच्या मुलांना घ्यावे यासाठी पालकांना न्यायालयात जावे लागले आणि १९५२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. अँड्र्यू फॉस्टर १९५४ मध्ये पदवीधर झाला. पुढे त्याने आफ्रिकेत तीसहून अधिक कर्णबधिर शाळा उभारल्या. स्वतःवर झालेला अन्याय ठाऊक असलेला समाज दुसऱ्यावरचा अन्याय ओळखेलच असे नसते. आपल्याकडच्या चळवळींचा इतिहास वाचणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

आणि वर्तुळाच्या मध्यभागी कोण, हाही प्रश्न होताच. १८६४ पासून पुढची १२४ वर्षे या संस्थेचा प्रमुख एकदाही कर्णबधिर नव्हता. १९८८ च्या मार्चमध्ये नव्या अध्यक्षाची निवड व्हायची होती. १ मार्चला विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने जमले, आणि त्या मेळाव्याची सुरुवात झाली फुटबॉलच्या मैदानावर. पाच दिवसांनी विश्वस्तांनी पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची, एलिझाबेथ झिन्सर यांची, निवड जाहीर केली. विद्यार्थ्यांनी आवाराची फाटके अडवली आणि काँग्रेसवर मोर्चा नेला. आठवडाभरात झिन्सर पायउतार झाल्या आणि १३ मार्चला आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. ज्या मैदानावर एकेकाळी खुणा दिसू नयेत म्हणून पाठी वळवल्या जात, तिथे त्या साऱ्या देशाला दिसाव्यात म्हणून उंचावल्या गेल्या.

त्यानंतरच्या खेळांच्या इतिहासातले तीन प्रसंग सांगतो. १९९९ मध्ये मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीत शेवटच्या सोळांत पोचला. रॉन्डा जो मिलर ही त्यातली सर्वांत नावाजलेली खेळाडू. फुटबॉल काही वर्षे विद्यापीठाच्या अधिकृत खेळांतून बाहेर होता, तो २००७ मध्ये परतला आणि २०१३ मध्ये या संघाने दहापैकी नऊ सामने जिंकून पहिल्यांदाच राष्ट्रीय बाद फेरी गाठली. हे सामने पाहणाऱ्यांना एक जुनी रीत आठवते: मैदानाच्या कडेला एक मोठा ढोल वाजवायचा आणि खेळाडूंनी त्याची धडधड अंगावर झेलून हालचाल सुरू करायची. आवाज इथे कानाचा विषय नव्हता, छातीचा आणि तळपायांचा होता.

तिसरा प्रसंग २०२३ च्या ऑक्टोबरमधला. एका दूरसंचार कंपनीच्या मदतीने तयार केलेले शिरस्त्राण गॅलोडेटच्या क्वार्टरबॅकने सामन्यात वापरले. प्रशिक्षक कडेला उभा राहून टॅबलेटवर खेळी निवडतो आणि ती शिरस्त्राणातल्या लहानशा काचेवर उमटते. ऐकू येणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंच्या शिरस्त्राणात रेडिओ आला तो १९९४ मध्ये, हबर्डच्या कोंडाळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्या सोयीला कर्णबधिरांचे उत्तर यायला आणखी एकोणतीस वर्षे लागली. गॅलोडेटने तो सामना जिंकला. भाषेच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र एक बारीकशी गोष्ट टोचते. काचेवर उमटते ती अक्षरे असतात. खुणांना तिथे जागा नाही. क्वार्टरबॅक ती वाचतो आणि मग कोंडाळ्यात सोबत्यांना आपल्या भाषेत सांगतो. म्हणजे प्रत्येक खेळीपूर्वी, काही सेकंदांत, एक भाषांतर घडते.

या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. लहानपणी ऐकू येणे गेलेले मदन वासिष्ठ १९६७ मध्ये दिल्लीहून गॅलोडेटला शिकायला गेले. स्टोकींच्या कामाची हवा तिथे तेव्हा होती. पुढे वासिष्ठ आणि भाषावैज्ञानिक जेम्स वुडवर्ड यांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या खुणांचा अभ्यास हाती घेतला आणि दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरु इथल्या खुणांचे कोश केले. भारतीय खुणांची भाषा ही एक भाषा आहे, तिची स्वतःची रचना आहे, शहराशहरांत तिचे फरक आहेत, हे या पुस्तकांमुळे छापील रूपात समोर आले. मुंबईत कर्णबधिरांसाठी शाळा होती १८८५ पासून. म्हणजे मुंबईच्या त्या मुलांचे हात कोशात यायला शंभर वर्षे गेली.

मराठीत या लोकांना काय म्हणावे इथपासून अडचण सुरू होते. ‘बहिरा’ शब्दाला हेटाळणीचा वास चिकटला आहे. ‘मूकबधिर’ अनेक संस्थांच्या पाटीवर अजून आहे, आणि त्यातला ‘मूक’ तर सरळ खोटा आहे, कारण ही माणसे दिवसभर बोलतात. ‘कर्णबधिर’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, पण तो फक्त कानाचे वर्णन करतो, हातांविषयी काही सांगत नाही. इंग्रजीत पहिले अक्षर मोठे लिहून ‘ज्यांची ही भाषा आहे असा समाज’ असा वेगळा अर्थ दाखवतात. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. आपल्याला शब्दच शोधावा लागेल, आणि तो शोधण्याचा पहिला हक्क त्या भाषेत बोलणाऱ्यांचा आहे.

मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतल्या संमेलनाने व्हँकुव्हर इथे २०१० मध्ये खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी. तोवर हडल जगभरच्या मैदानांवर पोचला होता. शनिवार-रविवारी हजारो संघ गोल करून उभे राहतात, डोकी जवळ आणतात, आणि मधला एक जण खालच्या आवाजात काही सांगतो. पाठींचा हा आडोसा मुळात आवाजासाठी नव्हता, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.